हंसदेवांचा ग्रंथ मराठीत आणणारे अरण्यऋषी
(कै. मारुती चितमपल्ली : एक कृतज्ञ स्मरण)

नीरा आणि भीमा या दोन नद्यांचा संगम नरसिंहपूर येथे होतो. श्रीलक्ष्मीनरसिंहाचे मंदिर, संगमाचा घाट आणि नदीकाठची वनराई यांमुळे इंदापूर तालुक्याच्या टोकावरील हे गाव दूरदूरच्या भाविकांना परिचित आहे. येथे नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सोलापूर जिल्हा सुरू होतो. पात्राने जिल्ह्याची सीमा दाखविली, तरी दोन्ही तीरांवरील माती, माळ, पाऊसमान आणि माणसे एकच आहेत. हिवाळ्यात भीमेच्या पाण्यावर उतरणाऱ्या चक्रवाकांच्या जोड्याही ही सीमा मानीत नाहीत. दिगंबर परंपरेत हाच चकवा पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन म्हणून पूजिला जातो.

या भीमाकाठच्या कोरडवाहू मुलखाने महाराष्ट्राला एक असा लोकसेवक दिला, की ज्याने आपले उभे आयुष्य अरण्य, पशू आणि पक्षी यांच्या रक्षणासाठी व अभ्यासासाठी वेचले. वनाधिकारी, पक्षितज्ज्ञ आणि साहित्यिक असलेले मारुती चितमपल्ली दि. १८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या निधनानंतर सर्वत्र त्यांच्या वनसेवेचे आणि साहित्याचे स्मरण करण्यात आले. तथापि, जैन समाजावर त्यांचे एक स्वतंत्र ऋण आहे आणि त्याचा उच्चार फारसा झालेला नाही. सुमारे सातशे वर्षांपूर्वी एका जैन कवीने रचलेला पशुपक्ष्यांवरील संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. सुवर्णमहोत्सवी वर्षात गतकाळातील उपकारकर्त्यांचे स्मरण करावयाचे असते. त्या मालिकेत हे नाव आवर्जून घेतले पाहिजे.

सोलापूर ते मेळघाट

मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. घरची भाषा तेलुगू, शिक्षणाची भाषा मराठी आणि गाव गिरण्या व हातमागांचे. अरण्याशी दुरूनही संबंध न येणाऱ्या अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. तरीही झाडे, पाखरे आणि रानवाटा यांची ओढ त्यांना लहानपणीच घरातील वडीलधाऱ्यांकडून लागली. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी वनखात्याची वाट धरली आणि १९५८ ते १९६० या काळात कोइमतूर येथील वन महाविद्यालयात प्रशिक्षण घेतले. तेथून सुरू झालेली त्यांची शासकीय सेवा १९९० मध्ये निवृत्तीने संपली. तीन दशकांच्या या सेवेत त्यांनी रायगड जिल्ह्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य, विदर्भातील नवेगाव व नागझिरा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प येथे काम केले. या स्थळांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

हा काळ देशातील वन्यजीवरक्षणाच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. स्वातंत्र्यानंतरची दोन दशके जंगल म्हणजे इमारती लाकूड, कोळसा आणि महसूल असाच व्यवहार प्रामुख्याने होता. शिकार हा प्रतिष्ठितांचा छंद समजला जाई. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि त्यात पहिल्याच तुकडीत मेळघाटचा समावेश झाला. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य आणि नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. याच सुमारास, १९७४-७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाचा महोत्सव देशभर साजरा झाला. त्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी मिळून स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी तत्त्वार्थसूत्रातील वचन आहे. जीवांचे जगणे परस्परांच्या उपकारावर चालते, असा त्याचा आशय आहे. धर्माने जे तत्त्व प्रतीकावर कोरले, तेच तत्त्व राज्यव्यवस्था त्याच वर्षांत कायद्याच्या भाषेत मांडीत होती, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कायदा कागदावर उतरतो, पण त्याला अरण्यात पाय फुटतात ते चितमपल्ली यांच्यासारख्या अधिकाऱ्यांमुळे. वनाधिकाऱ्याचे काम सुखाचे नसते. मुख्यालयापासून दूर, विजेविना, रस्त्याविना राहावे लागते. वणवा, चोरटी तोड आणि चोरटी शिकार यांच्याशी रोजची गाठ असते. या धकाधकीत बहुतेकांची अभ्यासवृत्ती मावळते. चितमपल्ली यांची मात्र वाढत गेली. जे पाहिले, जे ऐकले, ते त्या त्या दिवशी टिपून ठेवण्याचा नेम त्यांनी अनेक वर्षे पाळला. गोंड व कोरकू आदिवासी, ढीवर, गुराखी आणि वैदू यांच्यापाशी बसून त्यांनी अरण्याची भाषा आत्मसात केली. नवेगाव बांध येथे माधवराव पाटील यांच्यासारखा निसर्गाचा जाणकार त्यांना लाभला. ग्रामस्थांच्या अनुभवाला त्यांनी कधी कमी लेखले नाही. ज्यांच्यावर आपला हुकूम चालतो, त्यांच्याच पायाशी बसून शिकण्याची ही नम्रता सत्ताधारी खुर्चीत दुर्मीळच म्हटली पाहिजे.

शब्दांचे रक्षण

चितमपल्ली यांनी केवळ वन राखले नाही, तर वनाचे शब्दही राखले. एखाद्या पक्ष्याला नाव नसले तर तो नाहीसा झाल्याचेही कोणाला कळत नाही. म्हणून आदिवासी बोली, लोकभाषा आणि संस्कृत ग्रंथ यांतून त्यांनी पशुपक्षी व वनस्पती यांची नावे जमविली. 'पक्षिकोश' हा त्यांचा ग्रंथ या परिश्रमाचे फळ आहे. बगळे, करकोचे यांसारखे पक्षी जेथे समूहाने घरटी करतात त्या जागेला त्यांनी 'सारंगागार' हा शब्द रूढ केला. कावळ्यांच्या वसतिस्थानाला 'काकागार' म्हटले. आज मराठी वृत्तपत्रांत आणि पक्षिमित्रांच्या बोलण्यात सारंगागार हा शब्द सहज येतो.

इंदापूर तालुक्याला तर या शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ परिचित आहे. इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातील जुन्या झाडांवर आणि भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील झाडांवर चित्रबलाकांनी घरटी करून पिले वाढविली आहेत. पिवळी चोच आणि पंखांवर गुलाबी छटा असलेला हा मोठा करकोचा माणसांच्या वर्दळीत निर्धास्तपणे वीण घालतो. झाडाखाली विष्ठेचा सडा पडतो, माशांचा वास सुटतो आणि पिलांचा कलकलाट दिवसभर चालतो. हे सारे सोसून लोकांनी झाडे राहू दिली, तरच सारंगागार टिकते. उपाश्रयात किंवा मंदिरात न बोलली गेलेली ही एक प्रकारची जीवदयाच होय.

'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'केशराचा पाऊस' या पुस्तकांनी अरण्यापासून दूर असलेल्या मराठी वाचकाला जंगलात नेले. 'चकवाचांदण' हे त्यांचे आत्मचरित्र म्हणजे एका वनाधिकाऱ्याच्या साधनेचा आलेख आहे. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना आपल्या जन्मगावीच लाभले. २०२५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. लोकांनी मात्र त्यापूर्वीच त्यांना 'अरण्यऋषी' ही पदवी देऊन टाकली होती.

हंसदेव आणि मृगपक्षिशास्त्र

ऋषी हा शब्द त्यांच्या बाबतीत केवळ गौरवाचा नव्हता. त्यांच्या अभ्यासालाही तो शोभून दिसतो. नोकरीच्या निमित्ताने जेथे जेथे बदली झाली, तेथे तेथे शास्त्री-पंडित शोधून त्यांनी परंपरागत पद्धतीने संस्कृताचे अध्ययन केले. प्राचीन भारतीयांनी पशुपक्ष्यांविषयी काय पाहिले आणि काय लिहून ठेवले, हे मुळातून वाचावे, असा त्यांचा ध्यास होता. या ध्यासातूनच ते 'मृगपक्षिशास्त्र' या ग्रंथापाशी येऊन पोहोचले.

हा ग्रंथ तेराव्या शतकातील असून त्याचे कर्ते हंसदेव हे जैन कवी होते. ग्रंथात सुमारे सतराशे श्लोक असून पहिला भाग पशूंचा आणि दुसरा पक्ष्यांचा आहे. ग्रंथाच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. जिनपूरचा राजा शौडदेव एकदा शिकारीसाठी अरण्यात गेला. तेथे स्वच्छंद विहरणारे प्राण्यांचे कळप आणि पक्ष्यांचे थवे पाहून त्याचे मन पालटले. अरण्याची शोभा ज्यांच्यामुळे आहे त्यांनाच मारावयास आपण निघालो, ही जाणीव त्याला झाली. परतल्यावर त्याने या जीवांची समग्र माहिती मिळविण्याची इच्छा व्यक्त केली आणि मंत्र्याने ते काम हंसदेवांकडे सोपविले.

भगवान नेमिनाथांच्या चरित्राशी परिचित असलेल्या जैन वाचकाला ही कथा अनोळखी वाटणार नाही. विवाहाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ वळविला आणि गिरनारची वाट धरली. तेथे करुणेतून वैराग्य उपजले. येथे करुणेतून जिज्ञासा उपजली आणि जिज्ञासेतून शास्त्र जन्मले. शिकार सोडणे ही पहिली पायरी होती. ज्याला मारणार नाही त्याला जाणून घेणे ही दुसरी पायरी होती. शौडदेव राजा दुसऱ्या पायरीवर चढला, हेच या कथेचे वैशिष्ट्य आहे.

हंसदेवांनी केलेले वर्णन पोथीनिष्ठ नाही. सिंहाचे सिंह, मृगेंद्र, पंचास्य, हर्यक्ष, केसरी आणि हरी असे सहा प्रकार त्यांनी सांगितले आणि प्रत्येकाची लक्षणे निरनिराळी दिली. ज्यांना सामान्य वाचक समानार्थी शब्द समजतो, त्या प्रत्येक शब्दामागे एक निरीक्षण असल्याचे त्यावरून दिसते. हत्ती, वाघ, हरिणे, हंस, चक्रवाक, सारस अशा अनेक जीवांचे वर्ण, आवाज, स्वभाव, विणीचा काळ आणि आयुर्मान यांची नोंद ग्रंथात आहे. हत्तीचे आयुष्य शंभर वर्षांचे, तर सशाचे अवघे दीड वर्षाचे, असे त्यांचे अनुमान आहे. आधुनिक प्राणिशास्त्राच्या कसोटीला यातील सर्वच विधाने उतरतील असे नाही. तथापि, सातशे वर्षांपूर्वी पशुपक्ष्यांकडे देवतांची वाहने म्हणून किंवा भक्ष्य म्हणून न पाहता स्वतंत्र जीव म्हणून पाहिले गेले, ही गोष्ट असाधारण आहे.

असा ग्रंथ पुढे विस्मृतीत गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तिरुपती येथील शिलालेखतज्ज्ञ पंडित विजयराघवाचार्य यांना त्याचे हस्तलिखित सापडले. १९२७ मध्ये एम. सुंदराचार्य यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद कालहस्ती येथून प्रसिद्ध केला. मराठी वाचकाला तो मिळण्यास आणखी सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला. चितमपल्ली यांनी केलेले मराठी रूपांतर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९३ मध्ये प्रकाशित केले. नावांची ओळख पटविणे हे या अनुवादातील सर्वांत अवघड काम असते. संस्कृत पंडिताला शब्द कळतो, पण पक्षी माहीत नसतो. पक्षितज्ज्ञाला पक्षी कळतो, पण शब्द माहीत नसतो. ज्याला दोन्ही कळतात असा माणूस शतकात एखादाच निपजतो आणि तो भीमाकाठच्या सोलापुरात निपजला, हे या भूमीचे भाग्य.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. हंसदेव जैन होते. त्यांचा ग्रंथ शोधणारे, छापणारे आणि मराठीत आणणारे विद्वान मात्र जैनेतर होते. जिनवाणीच्या प्रकाशनासाठी जैन समाजाने उदार हस्ते दान दिले. जिनालयांचे जीर्णोद्धार केले, भांडारांतील हस्तलिखिते राखली. परंतु पशुपक्ष्यांवरील या शास्त्राकडे समाजाचे लक्ष गेले नाही. आजही अनेक जैन घरांत या ग्रंथाचे नाव ठाऊक नाही. चितमपल्ली यांचे ऋण म्हणायचे ते याच अर्थाने. समाजाची एक विसरलेली ठेव त्यांनी शोधून समाजाच्या हाती परत दिली.

जीवदया आणि जीवज्ञान

जैन धर्मात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून केलेले आहे. एकेंद्रिय वनस्पतीपासून पंचेंद्रिय मनुष्यापर्यंतची ही श्रेणी पाठशाळेतील बालकालाही मुखोद्गत असते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी त्याची उदाहरणे दिली आहेत. मुनिमहाराज विहार करताना चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकतात, चातुर्मासात एका जागी स्थिर राहतात. यामागे पावसाळ्यात जमिनीवर जीव कोठे व कसे उपजतात याचे बारीक निरीक्षण आहे. ज्ञान आधी आणि दया नंतर, असा क्रम आगमपरंपरेने घालून दिला आहे. जो जीव ओळखूच येत नाही, त्याचे रक्षण होणार कसे?

व्यवहारात मात्र हा क्रम अनेकदा उलटा होतो. पांजरपोळ, पाणपोई, पक्ष्यांना दाणे अशा रूपांत समाजाची जीवदया शतकानुशतके वाहत आली आहे आणि तिचे मोल कमी नाही. परंतु पांजरपोळात येतो तो माणसाच्या सोबतीने राहणारा जीव. रानातील जीव दाराशी येत नाही. त्याची दया करावयाची तर त्याचे घर राखावे लागते आणि घर राखावयाचे तर ते घर आहे हे आधी ओळखावे लागते.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कालव्याच्या पाण्याने ऊस आणि द्राक्षबागा फुलल्या, तरी कालव्याच्या वरच्या अंगाला अजून गवताळ माळ शिल्लक आहेत. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन हरिण आहे. त्याच हरिणकुळाच्या जवळचा चिंकारा या माळांवर वावरतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ त्याच्यासाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले, पण त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या गवताळ रानातही चिंकारा दिसतो. लांडगा, खोकड, चंडोल, पखुर्डी हे सारे याच माळाचे रहिवासी आहेत. सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात मात्र या भूमीला एकच नाव आहे : पडीक.

पडीक म्हटले की ती भरून काढावी असे वाटते. एखादी संस्था शुभहेतूने तेथे दाट वृक्षारोपण करते, एखादी बांधकाम उभारते. झाड लावणे हे पुण्यकर्म असल्याने कोणाच्या मनात शंका येत नाही. परंतु ज्या जीवांना मोकळे गवत आणि दूरवरची नजर हवी असते, त्यांच्यासाठी दाट झाडी म्हणजे घर गमावणेच असते. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. तरीही त्या परिसरातील माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ तुटत गेले, विजेच्या तारा आल्या, शेतीची पद्धत बदलली. पक्षी हळूहळू कमी झाला आणि पुष्कळांना तो गेल्याचे कळलेही नाही. हंसदेवांच्या वंशजांनी आणि चितमपल्ली यांच्या देशबांधवांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. दया सद्भावनेतून उपजते, पण ती सफल होते ज्ञानाने.

स्मृती कशी राखावी

थोर व्यक्तीच्या पश्चात तिचे नाव एखाद्या चौकाला किंवा सभागृहाला देण्याची प्रथा आहे. चितमपल्ली यांच्या बाबतीत अधिक सार्थ असे स्मारक समाजाच्या आवाक्यात आहे. प्रत्येक मंदिराच्या ग्रंथालयात आगमग्रंथांच्या शेजारी मृगपक्षिशास्त्राची एक प्रत असावी. पर्युषण वा दशलक्षण पर्वातील स्वाध्यायात एक दिवस त्याचे वाचन व्हावे. पाठशाळेतील मुलांनी चोवीस तीर्थंकरांची लांछने केवळ पाठ न करता, त्यांतील कोणते जीव या परिसरात अजून आहेत आणि कोणते नाहीत, हे जाऊन पाहावे. चकवा हिवाळ्यात भीमेवर येतो. हरिण माळावर भेटते. कासव आणि मासे नीरेच्या डोहात आहेत. नाग शेताच्या बांधावर आहे. लांछने ही केवळ मूर्तीच्या पीठावरील खूण नसून सजीव शेजारी आहेत, हे मुलांना एकदा दिसले की जीवदयेचा निराळा उपदेश करावा लागणार नाही. ट्रस्टच्या वतीने वृक्षारोपण करताना जागा माळाची आहे की झाडीची, हे आधी जाणकारांना विचारावे. तसे केले तर पुण्य आणि परिणाम दोन्ही पदरात पडतील.

एका राजाने धनुष्य खाली ठेवले, एका कवीने लेखणी उचलली आणि सात शतकांनंतर एका वनाधिकाऱ्याने ती पोथी पुन्हा उघडली. राजा व कवी यांच्यासारखाच तो अधिकारीही आता काळाच्या पडद्याआड गेला. पोथी मात्र उघडी आहे आणि ती वाचण्याचे उत्तरदायित्व आता समाजाचे आहे.

निसर्गाच्या सेवेत देह झिजविलेल्या या निष्काम लोकसेवकाच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!